घरच्या सुतारकामासाठी बँडसॉ: १० इंची की १४ इंची?

कडीपाट (नाशिक)

नमस्कार मंडळी. माहेरचा वाडा यंदा उतरवला. त्यातलं सागवान मी विकू दिलं नाही. कडीपाटाच्या कड्या, दारांच्या चौकटी, थोडे पाट आणि दोन तुळया असं सगळं आता आमच्या घरामागच्या खोलीत रचून ठेवलं आहे. गेली काही वर्षं हातकरवत, रंधा आणि पटाशी यांवर काम करते. स्टुलं, पेट्या, एक लहान कपाट एवढं जमलं आहे. पण पाच इंची चौकट हातानं उभी चिरून त्यातून फळ्या काढणं खांद्यांना झेपत नाही. म्हणून बँडसॉ, म्हणजे दोन चाकांवरून धावणाऱ्या अखंड पट्टीची करवत, घ्यायचं ठरवते आहे.

खोली दहा बाय बारा फूट, वीज सिंगल फेज. मुख्य काम म्हणजे हे जुनं लाकूड चिरून फळ्या काढणं. त्याशिवाय खुर्चीचे वळणदार पाय, आणि कधी पेटीच्या झाकणासाठी दोन-तीन मिलिमीटरच्या पातळ पट्ट्या. दुकानदार म्हणतो १० इंची घ्या, घरी तेवढं पुरतं. परदेशी व्हिडिओंत मात्र १४ च्या खाली कोणी बोलत नाही. आधी टेबल सॉ (टेबलातून वर आलेल्या गोल पात्याची करवत) घ्या असंही एका ओळखीच्यांनी सुचवलं. प्रत्यक्ष वापरणाऱ्यांनी कृपया सांगा.

रंधा_पटाशी (पुणे)

ताई, लाकूड राखलंत हे फार चांगलं केलंत. वाड्यातलं सागवान इतकं मुरलेलं असतं की आज बाजारात तसं पैसे मोजूनही सहज मिळत नाही.

१० किंवा १४ हा आकडा चाकाच्या व्यासाचा. ब्लेड आणि मशीनचा खांब यांच्यात साधारण तेवढीच, किंचित कमी, जागा मिळते. रुंद फळीत वळणं कापणाऱ्याला त्या आकड्याचं महत्त्व. तुमचं काम चिरण्याचं आहे, तेव्हा दुसरा आकडा विचारा: टेबलापासून वर उचललेल्या गाइडपर्यंतची (ब्लेडला आधार देऊन सरळ ठेवणाऱ्या भागापर्यंतची) उंची किती? जुन्या धाटणीच्या, बिडाच्या सांगाड्याच्या १४ इंची मशीनमध्ये ती ६ इंच असते, आणि खांबात जादा ठोकळा बसवून १२ पर्यंत नेता येते. १० इंचीत बहुधा ४ ते ६. दुकानदाराला हा प्रश्न विचारला की त्याला मशीन किती कळतं तेही लगेच समजतं.

तुमच्या लाकडांची मापं टाका, मग सविस्तर लिहितो.

गाठ_आणि_नस (कोल्हापूर)

मी १० इंची वापरतो आणि समाधानी आहे, म्हणून त्याची बाजू मांडतो. टेबलावर ठेवता येतं, दोघांनी उचलून हलवता येतं, आवाज बेताचा आहे. खेळणी, पेट्या, चमचे, कंगवे, दोन इंचांपर्यंतची वळणं यासाठी ते उत्तम आहे. बाल्कनीत किंवा फ्लॅटच्या एका खोलीत काम करणाऱ्यानं दुसरा विचार करू नये.

पण पाच इंची सागवान रोज चिरायचं असेल तर मी ते सुचवणार नाही. माहितीपत्रकात अर्धा इंची ब्लेड बसतं असं लिहितात. बसतं हे खरं, पण त्याला लागतो तेवढा ताण हलका सांगाडा देऊ शकत नाही. मग ब्लेड लाकडाच्या आत पोटाकडे फुगतं आणि फळी मधोमध जाड-पातळ निघते. तीन इंचांपर्यंत माझं काम नीट होतं, त्यापुढे लाकूड फार हळू सारावं लागतं.

कडीपाट (नाशिक)

धन्यवाद! मोजून आले. कड्या ३ बाय ४ इंच, चौकटी ५ बाय ३, तुळया ८ बाय १०. लांबी कड्यांची सात फूट, तुळयांची नऊ.

रंधा_पटाशी (पुणे)

आता चित्र स्पष्ट झालं.

तुळया घरच्या मशीनवर चिरायचा विचार सोडून द्या. आठ बाय दहा बाय नऊ फूट म्हणजे पाच घनफूट. सागवान घनमीटरला साडेसहाशे किलोच्या आसपास धरलं तर एकेक तुळई नव्वद किलोंच्या वर जाते. ती सरळ रेषेत ब्लेडवर ढकलणं एकट्यादुकट्याचं काम नाही. परवाना असलेल्या सॉ मिलमध्ये नेऊन अडीच इंची जाड फळ्या करून आणा, पुढचं घरी. गिरणीचं ब्लेड जाड, त्यात थोडं लाकूड जातं, पण पाठ शाबूत राहते.

दुसरी गोष्ट खोलीची. मशीनला स्वतःला फार जागा लागत नाही, लाकडाला लागते. सात फुटी कडी चिरताना ब्लेडच्या अलीकडे सात फूट आणि पलीकडे सात फूट मोकळे हवेत. बारा फुटी खोलीत ते मावत नाही. एकतर मशीन दाराच्या रेषेत ठेवा, म्हणजे लाकूड बाहेर निघेल, किंवा आधी लागेल त्या लांबीचे तुकडे करा. मी दुसरं सुचवीन. खुर्चीच्या पाठीला साडेतीन फुटांवर क्वचितच लागतं, आणि आखूड तुकड्यात वाकही कमी येतो. मशीन चाकांच्या गाडीवर बसवा, पण काम करताना चाकांना अडणी हवीच.

तुमचा सगळ्यात मोठा नेहमीचा काप ५ इंचांचा. ६ इंच उंची देणारं १४ इंची मशीन त्याला पुरेसं आहे. १२ इंचांची उंची मिळवण्यासाठी जादा पैसे घालू नका, ते ब्लेडवर घाला.

सांगाड्याबद्दल गाठदादांनी बरोबर लिहिलं. त्यामागचा हिशेब असा. चांगलं चिरायला साध्या कार्बन पोलादाच्या ब्लेडला चौरस इंचाला सुमारे १५,००० पौंड ताण लागतो. अर्धा इंच रुंद, २५ हजारांश इंच जाड ब्लेड धरा. ते चाकावरून दोन्ही बाजूंनी खाली उतरतं, म्हणून वरच्या चाकावर ओढ येते ती जवळपास १७० किलोंची. एवढ्या ओढीखाली खांब केसभरही वाकता कामा नये. बीड असो की जाड पत्र्याचा पेटीसारखा वेल्ड केलेला सांगाडा, दोन्ही चालतात. पत्रा पातळ असेल तर मोटर कितीही मोठी घ्या, फळी सरळ निघणार नाही. दुकानात ब्लेड पूर्ण ताणायला लावा आणि वरची गाइड खाली-वर करून बघा. गाइड प्रत्येक उंचीवर ब्लेडच्या तितक्याच जवळ राहते का, हे डोळ्यांनी दिसतं.

मोटर १ अश्वशक्तीच्या खाली नको. तुमच्या कामाला दीड असावी. ब्रश नसलेली इंडक्शन मोटर घ्या, ती दिवसभर शांतपणे चालते.

टेबल सॉ आधी घ्यावा का? ज्याला प्लायवूडची कपाटं करायची आहेत त्यानं जरूर घ्यावा. तुम्हाला नाही. दहा इंची गोल पात्याचा टेबल सॉ एका फेरीत तीन इंचांच्या आसपासच कापतो, म्हणजे पाच इंची चौकट दोन्हीकडून उलटून कापावी लागेल. शिवाय प्रत्येक कापात तीन मिलिमीटर लाकडाचा भुसा होतो. बँडसॉचा काप सव्वा मिलिमीटरच्या आत ठेवता येतो. १०० मिलिमीटर रुंदीच्या कडीतून ६ मिलिमीटरच्या पट्ट्या काढल्या तर टेबल सॉवर ११ निघतात, बँडसॉवर १४. रंध्यासाठी थोडी जाडी सोडावी लागते, त्यामुळे दोन्ही आकडे कमी होतील, पण फरक राहतोच. वाड्याचं लाकूड पुन्हा मिळणार नाही. माझ्या मते इथेच निर्णय होतो.

टेबल सॉवर लाकूड उलटून अंगावर येण्याची भीती असते, ती इथे जवळजवळ नाही, कारण ब्लेडची ओढ लाकडाला खाली टेबलावर दाबते. बोटं मात्र दोन्हीकडे सारखीच जातात.

हात_करवत (ठाणे)

वाचनखूण साठवली. पट्ट्यांचा हिशेब फार उपयोगी.

डेट्रॉइटकर (मिशिगन)

मी पुढच्या वर्षी कायमचा परत येतो आहे. इथलं १४ इंची बिडाचं मशीन कंटेनरमधून आणावं का? ११० व्होल्टचं आहे, तिकडे स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावेन असा विचार.

ताईंसाठी एक मुद्दा. इकडे १४ इंची घेण्यामागे मोठं कारण ब्लेडची लांबी हे आहे. या धाटणीच्या बहुतेक मशीनना साडेत्र्याण्णव इंची ब्लेड लागतं, ठोकळा घातला तर १०५ इंची. मशीन कोणत्याही कंपनीचं असो, ब्लेड कोणाचंही बसतं. भारतात घेतानाही ब्लेडची लांबी आधी विचारा. विचित्र लांबी असेल तर जन्मभर एकाच विक्रेत्यावर अवलंबून राहावं लागेल.

फेज_न्यूट्रल (सोलापूर)

डेट्रॉइटकर, मशीन आणा, मोटर तिथेच ठेवा. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, वारंवारता बदलत नाही. ६० हर्ट्झची इंडक्शन मोटर आपल्या ५० हर्ट्झवर एक षष्ठांश हळू फिरते, आणि व्होल्ट त्या प्रमाणात कमी केले नाहीत तर तापते. मिनिटाला ३,००० फूट धावणारं ब्लेड २,५०० वर येईल. त्यानं लाकूड कापलं जाईल, पण मोटरचं आयुष्य कमी होईल. इथे २३० व्होल्टची, १,४४० फेऱ्यांची मोटर घ्या. चौदा इंची चाकाचा परीघ ४४ इंच, म्हणजे ३,००० फुटांना चाक मिनिटाला सुमारे ८२० फेरे फिरलं पाहिजे. चाकाची पुली मोटरच्या पुलीच्या पावणेदोन पट घ्या. मोटर बसवण्याची भोकं आणि दांड्याची जाडी जुळणार नाही, मधे एक लोखंडी पट्टी आणि नवी पुली करून घ्यावी लागेल. कोणताही लेथवाला करून देईल.

ताई, तुमच्यासाठी. दीड अश्वशक्ती म्हणजे सुमारे ११०० वॅट. चालताना सात-आठ अँपिअर, सुरू होताना क्षणभर त्याच्या पाच-सहा पट. खोलीसाठी वेगळी लाइन ओढा. १६ अँपिअरचा सॉकेट, सी प्रकारचा एमसीबी (जादा प्रवाह आला की वीज तोडणारा खटका) आणि अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर. मीटरपासून अंतर लांब असेल तर चारची. बी प्रकारचा एमसीबी सुरुवातीच्या झटक्यालाच पडत राहील. अर्थिंग तपासून घ्या, घर जुनं असेल तर नक्कीच.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे कोणी सांगत नाही. मशीनला साधा चालू-बंद खटका नको. वीज गेली, तुम्ही ब्लेडशी काहीतरी करत बसलात, आणि वीज परत आली तर मशीन आपोआप सुरू होता कामा नये. शेतीपंपाला लावतात तो सिंगल फेज डीओएल स्टार्टर लावा. वीज गेली की तो सुटतो, आणि हिरवं बटण दाबल्याशिवाय परत चालू होत नाही. शिवाय मोटरवर जादा भार आला तर तोडतो. पंपावर शेतकरी जो ऑटो स्विच जोडतात, तो इथे मुळीच जोडू नका. ब्लेड बदलताना प्लग काढलेला असावा, स्टार्टर असला तरी.

वखार_आणि_फळी (चंद्रपूर)

आमच्याकडे बल्लारशाहच्या डेपोतलं सागवान पिढ्यान्‌पिढ्या हाताळलं जातं, म्हणून ब्लेडबद्दल लिहितो.

सागवानात नैसर्गिक सिलिका असते. हाताला लाकूड मऊ लागतं, तेलकट असतं, पण धार फार लवकर मारतं. साधं कार्बन ब्लेड आंब्यावर किंवा शिवणीवर जितकं टिकतं तितकं सागावर टिकत नाही. चिरकामासाठी एक बायमेटल (दोन धातू जोडून केलेलं) ब्लेड घ्या, अर्धा इंच रुंद, इंचाला ३ दात. कार्बाइडच्या टोकांचं ब्लेड आणखी टिकतं, पण त्याला ताण खूप लागतो आणि जुन्या लाकडातला एक खिळा त्याचे दात उडवतो. वाड्याच्या लाकडाला ते मी लावणार नाही.

दात कमी का? पाच इंच उंचीच्या कापात भुसा खूप निघतो. दातांमधली घळ मोठी असली तरच तो बाहेर पडतो. घळ भरली की ब्लेड तापतं आणि भरकटतं. उलट पातळ लाकडाला दात जास्त हवेत, कोणत्याही क्षणी किमान तीन दात लाकडात असले पाहिजेत. वळणांसाठी पाव इंची, इंचाला ६ दातांचं एक ब्लेड ठेवा. ते पाऊण इंचाच्या आतबाहेरच्या त्रिज्येत वळतं. अर्ध्या इंचाचं ब्लेड अडीच इंचांहून लहान त्रिज्येत वळवायला गेलात तर पाठ घासून काळी पडेल.

गावातले सॉ मिलचे कारागीर पट्टीच्या रोलमधून हव्या त्या लांबीचं ब्लेड जोडून देतात, तिकोनी कानशीनं धारही लावतात. जोड हाताच्या बोटानं तपासा, पाठीवर गाठ लागता कामा नये. हा जोडच या यंत्राचा सगळ्यात जुना प्रश्न आहे. १९व्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडात बँडसॉचं पेटंट झालं, पण अखंड पट्टी टिकेना. १८४६ मध्ये फ्रान्सच्या अ‍ॅन पॉलीन क्रेपँ यांनी जोडायची पद्धत काढली तेव्हा कुठे यंत्र कामाचं झालं.

खिळ्यांचं: प्रत्येक तुकडा आधी तारेच्या ब्रशनं घासा, मग धातुशोधक फिरवा. चौकटीत बिजागरीच्या जागी मोडलेले स्क्रू आणि कड्यांच्या वरच्या बाजूला पाट ठोकलेले चौकोनी खिळे हमखास सापडतात. सागात खिळ्याभोवती काळा डाग पडतो, तो दिसला की थांबा.

आणि कायद्याचंही बघा. सर्वोच्च न्यायालयाच्या ४ मार्च १९९७ च्या आदेशानं महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेशातल्या विनापरवाना सॉ मिल बंद झाल्या. तेव्हापासून लाकूड चिरण्याच्या धंद्याकडे वन खातं बारकाईनं बघतं. तुम्ही स्वतःच्या घरचं लाकूड स्वतःसाठी चिरताय, तरी मशीन घेण्याआधी वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन विचारा आणि वाडा उतरवल्याचे कागद जपून ठेवा. शेजाऱ्यापाजाऱ्यांचं लाकूड पैसे घेऊन चिरू नका.

कडीपाट (नाशिक)

किती मनापासून लिहिता सगळे! १४ इंची नक्की करते. ओळखीच्या एका कारखान्यात वापरलेलं बिडाचं मशीन निघतं आहे, आणि दुकानात नवंही आहे. वापरलेलं घेताना काय बघू?

गुण्या (कुडाळ)

ताई, बीड वर्षानुवर्षं जात नाही, तेव्हा वापरलेलं जरूर बघा. वीज बंद करून दोन्ही चाकं हातानं फिरवा. कुरकुर आली तर बेअरिंग गेलं आहे, ते स्वस्तात बदलतं. चाक डोलत असेल तर मात्र परत या. चाकांवरचं रबर नखानं दाबा, चिरलेलं असेल तर नवं बसवता येतं. लांब सरळपट्टी दोन्ही चाकांच्या कडांना लावून ती एका रेषेत आहेत का बघा. टेबल ब्लेडशी गुण्यात (काटकोनात) येतं का, आणि सरळपट्टीखालून उजेड दिसतो का तेही. मग मशीन चालू करा आणि टेबलावर जाडसर नाणं उभं ठेवा. उभं राहिलं तर चाकं समतोल आहेत.

पंजाबातल्या बटाल्याकडची जड मशीनं स्वस्तात मिळतात. बीड भरपूर असतं, पण बरीचशी थ्री फेजची असतात, आणि काहींच्या चाकांवर पूर्ण झाकण नसतं. झाकण करून घेतल्याशिवाय वापरू नका. ब्लेड तुटतं तेव्हा ते झाकणच आपल्याला वाचवतं.

घरी आणल्यावर घाईनं लाकूड लावू नका. आधी ब्लेड ताणा, मग हातानं चाक फिरवत ते मधोमध धावेल असं वरचं चाक कलवा, आणि गाइड सगळ्यात शेवटी. बाजूच्या गाइड कागदाच्या जाडीइतक्या लांब, दातांच्या घळीच्या मागे. पाठीमागचं बेअरिंग ब्लेड मोकळं धावताना फिरता कामा नये, लाकूड लागलं की फिरलं पाहिजे. वरची गाइड लाकडापासून पाच-सहा मिलिमीटरच वर. जास्त उघडी ठेवली तर ब्लेड भरकटतं आणि बोटांनाही धोका. फळी एका बाजूला ओढली जात असेल तर कुंपणाला (टेबलावरच्या, लाकूड टेकवून सरळ सारायच्या पट्टीला) दोष देण्याआधी ब्लेड बोथट आहे का बघा. बहुतेक वेळा तेच कारण असतं.

चिरलेल्या फळ्या लगेच वापरू नका. जुनं लाकूडही उघडल्यावर आतले ताण सोडतं आणि वाकतं. दोन मिलिमीटर जास्त जाड कापा, मधे पट्ट्या घालून रचून ठेवा, तीन-चार आठवड्यांनी रंधा मारा. आमच्या कोकणात पावसाळ्यात तर त्याहून जास्त थांबतो. बिडाच्या टेबलाला मेण चोळून ठेवा, नाहीतर जूनमध्ये एका रात्रीत गंज धरतो.

भुशाचं हलक्यात घेऊ नका. लाकडाची धूळ कर्करोगकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ पासून पहिल्या गटात नोंदलेलं आहे. सागाच्या धुळीनं काहींच्या त्वचेला खाजही येते. चार इंची पाइपचा भुसा ओढणारा पंखा आणि तोंडाला नीट बसणारा एन-९५ मास्क, दोन्ही हवेत.

कडीपाट (नाशिक)

शनिवारी गाठदादांना घेऊन कारखान्यातलं मशीन बघायला जाते, त्यांनी नाशिकला येणारच असल्याचं कळवलं आहे. एक राहिलं. ओसरीचे दोन गोल खांबही आहेत, नक्षी नसलेले. ते उभे चिरता येतील का?

गुण्या (कुडाळ)

नक्षी नाही म्हणालात म्हणून सांगतो, असती तर तसेच ठेवा म्हणालो असतो.

गोल लाकूड हातानं धरून बँडसॉवर कधीच लावायचं नाही. दात लागताच ते गर्रकन फिरतं, ब्लेड मुरगळतं आणि हात आत ओढला जातो. दोन फळ्या काटकोनात जोडून लांब पन्हळ करा, खांब तिच्यात ठेवा आणि दोन्ही टोकांना स्क्रूनं पक्का करा. स्क्रू कापाच्या रेषेपासून लांब. पन्हळीचा तळ सपाट हवा आणि ती कुंपणाला लागून सरकली पाहिजे. पहिल्या कापानं एक सपाट बाजू मिळाली की पन्हळीतून काढा, ती बाजू टेबलावर टेकवून दुसरी काढा. त्यानंतर खांब चौकटीसारखाच चिरता येतो. पन्हळीची जाडी धरून उंची सहा इंचांच्या आत बसते का ते आधी मोजा. बसत नसेल तर तुळयांबरोबर खांबही सॉ मिलला पाठवा.